जिथवर बर्फ, तिथवर तू

ओबरलानमध्ये माणसं एकमेकांना तू म्हणणार की तुम्ही, हे बर्फ ठरवतो.

टिरोलच्या डोंगरात तसा सगळीकडेच रिवाज आहे, की एका उंचीच्या वर गेलं की अहो-जाहो संपतं. एका दोराला बांधलेली माणसं एकमेकांना तुम्ही म्हणत बसत नाहीत. पण इतर गावांत ती उंची कायमची ठरलेली आहे. ओबरलानमध्ये ती बर्फाबरोबर खाली-वर होते. जानेवारीत बर्फ चर्चच्या पायरीशी येतो, तेव्हा पाद्री, सरपंच, बेकरीवाली, सगळे तू. एप्रिलमध्ये बर्फ मागे सरकायला लागला की तूही मागे सरकतं, आणि जूनपासून ते वर, संत लिओनहार्डच्या लाकडी देवळीपाशी जाऊन थांबतं. हिवाळ्यात स्कीसाठी आलेली हॉलंडची मंडळी जुलैत पुन्हा येतात आणि बेकरीवालीने तुम्ही म्हटलं की दुखावतात. आपलं काय चुकलं, असं विचारतात. काही चुकलेलं नसतं. बर्फ वितळलेला असतो.

फेरेना मोसब्रुगरला हे कुणीतरी सांगितलं होतं, पण तिच्या अंगवळणी पडलं नव्हतं. ती आर्लबर्ग घाटापलीकडची. तिकडे सगळे सगळ्यांना बारा महिने तू म्हणतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. लिफ्ट चालवणाऱ्या कंपनीने तिला म्हाताऱ्या गेबहार्डच्या जागी ओबरलानची व्यवस्थापक म्हणून आणलं, तेव्हा गावाने तिच्याकडे दोन गोष्टींसाठी वाकडं पाहिलं. एक, ती बाई होती. दुसरं, ती घाटापलीकडची होती. बाई असण्याची सवय गावाला लवकर झाली.

पहिल्या फेब्रुवारीत ती रोमेद प्लांगरच्या दारात उभी राहिली तेव्हा बर्फ त्याच्या खिडकीच्या चौकटीला टेकला होता.

रोमेद सत्तरीच्या पुढचा शेतकरी. बायको कधीच गेलेली, घरात धाकटी बहीण क्रेसेन्झ, जिला सगळं गाव झेन्झी म्हणतं. घर कुरणाच्या खालच्या टोकाला, आणि ते कुरण म्हणजे ओबरलानच्या लिफ्टचा जीव. लिफ्ट गावातून निघून शाफयोख डोंगराच्या खांद्यावर जाते. वरचा सगळा उतार कंपनीचा आहे. पण शेवटचा तुकडा, वरच्या कुंपणापासून गावापर्यंत, रोमेदचा. तो ओलांडल्याशिवाय कुणी स्कीवर गावात पोचू शकत नाही.

"ये आत," रोमेद म्हणाला. "दारात उभी राहून घर गार करू नकोस."

"नुसती ओळख करून घ्यायला आले होते," फेरेना म्हणाली.

"घाटापलीकडची नुसती ओळख करून घ्यायला येत नाहीत," झेन्झी चुलीजवळून म्हणाली. "त्यांना नेहमी काहीतरी विकायचं असतं. बस. सूप आहे."

फेरेना बसली. सुपात पावाचे गोळे होते, मुठीएवढे. तिने दोन खाल्ले, झेन्झीने न विचारता तिसरा वाढला. गेबहार्डचं बोलणं निघालं. दर वर्षी अकरा नोव्हेंबरला, मार्टिनच्या सणाला, गेबहार्ड याच दारात यायचा, रोमेदच्या हातात हात द्यायचा, आणि येत्या हिवाळ्यापुरता कुरणावरून स्कीवाल्यांना रस्ता मिळायचा. कागद नाही, सही नाही. कंपनीच्या संचालकांना ते कधी आवडलं नाही. पण ते चालत आलं होतं. मागच्या नोव्हेंबरात गेबहार्डने तो हात शेवटचा दिला. पुढच्या खेपेला तो फेरेनाला द्यायचा होता.

"तेवढं येईल ना तुला?" रोमेदने विचारलं.

"हात द्यायला काय शिकावं लागतं?"

रोमेद आणि झेन्झी एकमेकांकडे बघून हसले. आपण काय विनोद केला, ते फेरेनाला कळलं नाही.

मग ईस्टर आला, आणि घोडं अडलं.

त्या वर्षी ईस्टर उशिरा होता आणि हॉटेलं भरलेली. गेबहार्डचा नियम असा, की रोमेदच्या कुरणात बर्फातून पहिलं जांभळं केशरफूल वर आलं की त्याच दिवशी खालचा उतार बंद. फूल आलं. फेरेनाने ते पाहिलंही. पण गावातल्या प्रत्येक खोलीत पाहुणे होते आणि सणाचे चारच दिवस उरले होते. तिने कडेचा बर्फ मध्ये ढकलायला सांगितला आणि उतार चालू ठेवला. बर्फ दाबणारी गाडी फ्लोरिन चालवायचा. शेवटच्या दिवशी तो खाली उतरून म्हणाला, "बाई, गाडीच्या पट्ट्यांना माती लागतेय."

"आज संध्याकाळपर्यंत ओढ," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ओढलं. पाहुणे घरी गेले, बर्फ वितळला, आणि कुरणात वरच्या कुंपणापासून खालच्या गोठ्यापर्यंत दोन लांब तपकिरी पट्टे उघडे पडले. गवत मुळासकट उपटलं गेलं होतं. चर्चमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते दिसत होते.

फेरेना दुसऱ्याच सकाळी गेली. आपली चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपण आधी सांगावी, हे तिला घरीच शिकवलेलं होतं. रोमेद दारात बूट खरवडत होता.

"रोमेद, तुझ्या कुरणाचं मी वाटोळं केलं," ती म्हणाली. "चूक फ्लोरिनची नाही, माझी आहे. तू सांगशील ते करून देते."

रोमेदने मान वर केली. "तुमच्या पायाखाली काय आहे?"

तिने खाली पाहिलं. "चिखल."

"मग?"

तिला उमगायला क्षण लागला, तोवर उशीर झाला होता. पायाखाली चिखल आणि तोंडात तू. माफी मागायला आली आणि उर्मटपणा करून बसली.

"माफ करा," ती म्हणाली. "तुमच्या कुरणाचं."

"ते मला दिसतंय, मॅनेजरीणबाई. रोज खिडकीतून दिसतं." त्याने बूट पायात चढवला. "येत्या हिवाळ्यासाठी तुम्ही दुसरा उतार शोधा."

दुसरा उतार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला चर्चचं रान.

आठवड्याभरात हे संचालकांच्या कानावर गेलं. त्यांच्या अध्यक्षाने फोन केला. माणूस शांत होता, म्हणूनच फेरेनाला धडकी भरली. डोंगराच्या पलीकडच्या बाजूला कंपनीची मोठी, नवी लिफ्ट होती. पाहुण्यांना तिकडून वर नेता येईल, तो म्हणाला. ओबरलानची लिफ्ट जुनी झालीच आहे. खालचा उतार नसेल तर ती चालवण्यात अर्थ नाही. मार्टिनच्या सणापर्यंत बघा, नाहीतर आपण ती बंद करू. गावात गाड्या उभ्या करायला छान जागा होईल.

फेरेनाने खिडकीतून बाहेर पाहिलं. बेकरी दिसत होती, स्की शिकवणाऱ्यांची लाकडी खोली दिसत होती, आणि गाडीखाली आडवा पडलेल्या फ्लोरिनचे पाय. हे सगळं बंद झालं तर गाव ते कुणाच्या नावाने सांगेल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

जूनमध्ये ती पुन्हा गेली. या वेळी पाठीवर एक पोतं होतं.

"हे काय?" रोमेदने विचारलं.

"गवताचं बी. आमच्या माळ्यावरचं झाडून आणलंय. आई म्हणाली, बाजारचं बी नेऊ नकोस, ते फुटबॉलच्या मैदानाला ठीक."

रोमेदने पोत्यात हात घातला. भुसा, काड्या, वाळलेल्या फुलांचा चुरा. गवत साठवायच्या माळ्यावर हिवाळाभर खाली गळून पडलेलं सगळं. वास चांगला होता. त्याने मूठभर हुंगलं आणि पुन्हा पोत्यात टाकलं.

"बी चांगलं आहे," तो म्हणाला. "पण घाटापलीकडचं गवत माझ्या कुरणात नको. माझ्या गाईंना तुमची बोली लागेल."

"दूध तरी वाढेल," फेरेना म्हणाली.

आतून झेन्झीचं हसू ऐकू आलं. "रोमेद, आपला माळा दोन वर्षं झाडलेला नाही," ती आतूनच म्हणाली. "बाई आल्याच आहेत तर त्यांना झाडू दे."

"मॅनेजरीणबाईंनी माळा झाडायचा?"

"का? त्यांनी बर्फ झाडला तेव्हा तुला चाललं नाही. माळा झाडलेला चालेल."

फेरेनाने माळा झाडला. वर उकडत होतं आणि धूळ नाकातोंडात जात होती. खाली आली तेव्हा तिच्या भुवयाही पिवळ्या झाल्या होत्या. मग रोमेदने पट्ट्यांतली माती दंताळ्याने सैल केली आणि तिने मागून बी पसरलं. आपण पेरलेल्यावर पाय पडू नये म्हणून ती फळी टाकून तिच्यावरून चालायची आणि पुढे गेली की फळी ओढून घ्यायची. हे काम तिने लहानपणी केलं होतं. रोमेदने एकदाही तिला असं नको, तसं कर म्हटलं नाही. सबंध दिवस तो तिच्याशी बोलला, हवेबद्दल, गाईंबद्दल, गेबहार्डच्या गुडघ्याबद्दल. तुम्ही, तुम्ही, तुम्ही.

संध्याकाळी तिने विचारलं, "मग हिवाळ्याचं कसं करायचं?"

"आज पेरणी झाली," तो म्हणाला. "एवढंच झालं."

झेन्झी तिला फाटकापर्यंत सोडायला आली. तिच्या हातात दुधाची बरणी होती, ती तिने फेरेनाच्या हातात दिली.

"तुम्ही चुकीच्या ठिकाणी विचारताय," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे?"

"ज्याला 'तुम्ही' म्हणतात त्याला सही देतात. ज्याला 'तू' म्हणतात त्याला शब्द देतात. माझा भाऊ सही करत नाही, कधीच नाही. बँकेत खातंसुद्धा माझ्या नावावर आहे. आणि या दारात तो तुम्हाला तुम्हीच म्हणणार, जोवर बर्फ येत नाही."

"मग मार्टिनला बर्फ असेलच की."

"असायचा," झेन्झी म्हणाली.

फेरेनाने विचार केला, मग वरच जावं. ऑगस्टमध्ये रोमेद गाई घेऊन डोंगरावरच्या कुरणात, आल्मवर, असतो. लिफ्ट उन्हाळ्यात पायी फिरणाऱ्यांसाठी चालू असते. ती लिफ्टने वर गेली आणि तिथून चालत निघाली. संत लिओनहार्डची देवळी मागे पडली. रोमेद झोपडीच्या बाकावर बसून चीज कापत होता.

"आलीस?" तो म्हणाला. "बस. चाकू घे, कडेचं तू काढ."

त्या एका 'आलीस'ने तिचा अर्धा शीण गेला. तिने चाकू घेतला. दोघांनी चीज खाल्लं, ताक प्याले. त्याने तिला पुढे चालणारी गाय दाखवली, तिचं नाव ग्राफिन, म्हणजे सरदारीण. दुसरी, जिच्या शिंगाला लाल फडकं बांधलं होतं, ती लाथ मारते. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, असं मनाशी म्हणून फेरेनाने सरळ विषय काढला.

"रोमेद, कुरणाचं—"

"इथे कुरणाचं बोलायचं नाही," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. "इथे गाईंचं बोलायचं. कुरण खाली आहे. खालचं खाली."

"खाली तू मला तुम्ही म्हणतोस."

"मग काय म्हणू? खाली आहे ना."

"म्हणजे वर विचारता येत नाही आणि खाली तू सांगणार नाहीस."

त्याने चीजचा तुकडा तोंडात टाकला आणि शांतपणे चावला. "गेबहार्डला हे कळायला तीन वर्षं लागली," तो म्हणाला. "तुला वर्षही लागलं नाही. घाटापलीकडची मंडळी हुशार असतात."

"हुशारीचा उपयोग काय?"

"ते मी म्हटलं नाही, उपयोग आहे म्हणून."

ती रिकाम्या हाताने खाली आली. पण तिला राग आला नव्हता. रोमेद तिला खेळवत नव्हता, हे तिला कळलं होतं. तो आपल्या नियमात तिच्याइतकाच अडकला होता. सत्तर वर्षं मार्टिनच्या दिवशी त्याच्या उंबऱ्याशी बर्फ होता. त्याच्या बापाने तिथेच शब्द दिले, त्याने तिथेच दिले, आणि कोरड्या जमिनीवर कसा द्यायचा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी गाई खाली आल्या. उन्हाळ्यात एकही जनावर दगावलं नसेल तरच त्यांच्या डोक्यावर फुलांचे मुकुट चढतात. या वर्षी चढले. फ्लोरिनला आणि फेरेनाला मदतीला बोलावणं आलं होतं. फ्लोरिन शेवटी, लाथ मारणारीच्या मागे. फेरेना पुढे, रोमेदच्या शेजारी. ग्राफिन मोठी घंटा वाजवत आपल्याच तोऱ्यात चालत होती.

"काल मी खाली जाऊन आलो," रोमेद म्हणाला. "कुरण बघितलं."

फेरेनाचं लक्ष पुढे गेलं. देवळी वळणावर दिसत होती. तिने पाय हळू टाकायला सुरुवात केली.

"गाई थांबत नाहीत," रोमेद म्हणाला. त्याने ते पाहिलं होतं.

"मी कुठे थांबतेय? बुटात खडा गेलाय."

"दोन्ही बुटांत?"

तिने चाल वाढवली. करणार काय? देवळी जवळ आली.

"तर सांगत होतो," रोमेद म्हणाला, "तू पेरलेलं ते बी आहे ना," इथे त्याने टोपी काढून देवळीला नमस्कार केला, टोपी पुन्हा घातली, "ते सगळं उगवलंय. कडेकडेने तर दाट. तुम्ही बघितलंत का?"

फेरेना खळखळून हसली. मागून फ्लोरिनने काय झालं म्हणून विचारलं. रोमेदच्या मिशीखालीही काहीतरी हललं, पण तो पुढे बघत चालत राहिला.

त्यानंतर बर्फाची वाट पाहणं सुरू झालं. ऑक्टोबर कोरडा गेला. नोव्हेंबर लागला तरी गावात लोक बाहेर बाकांवर बसून कॉफी पीत होते. शाफयोखच्या माथ्यावर पांढरी रेघ होती, तीही दुपारी आक्रसायची. अध्यक्षाचा फोन आला. तेराव्या तारखेला बैठक आहे, तो म्हणाला, तेवढं लक्षात ठेवा. फेरेना रोज सकाळी उठून आधी आकाश बघायची. गावात तिला भेटणारा प्रत्येक जण आकाशाबद्दलच बोलायचा आणि कुरणाबद्दल अवाक्षर काढायचा नाही. बेकरीवाली तर पाव देताना तिच्याकडे अशी बघायची, जशी आजाऱ्याच्या बायकोकडे बघतात.

मार्टिनच्या दोन दिवस आधी हवा पालटली. बर्फ आला नाही, ढगही नाही, पण थंडी आली, कडक आणि कोरडी. फ्लोरिन हात चोळत कार्यालयात आला.

"तोफा चालतील आता," तो म्हणाला. वरच्या उतारावर पाण्याचा बर्फ करून फवारणारी यंत्रं होती, त्यांना सगळे तोफा म्हणत. "वरचं करून ठेवू या? खालचं नाही तर नाही."

फेरेनाने खिडकीतून वर उताराकडे पाहिलं. मग म्हणाली, "वरचं कुठपर्यंत आपलं आहे?"

"रोमेदच्या कुंपणापर्यंत."

"मग कुंपणापर्यंत करू. अगदी कुंपणापर्यंत."

फ्लोरिनने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात उजेड पडलेला तिला दिसला. "यंत्राचा बर्फ?" तो म्हणाला. "रोमेद त्याला बर्फ म्हणेल?"

"माहीत नाही."

"नाही म्हणाला तर?"

"तर वरचा उतार तयार झाला, एवढंच."

त्यांनी तोफा लावल्या. दोन दिवस त्या गुरगुरत राहिल्या. पांढरा पट्टा उतारावरून खाली सरकत आला. अखेरच्या दुपारी शेवटची तोफ कुंपणाच्या जवळ आणली, आणि तेव्हाच वारा फिरला. पांढरी धूळ रोमेदच्या कुरणाकडे वाहायला लागली.

"चांगलंच झालं," फ्लोरिन म्हणाला. "त्याच्या दारापर्यंत नेतो की नाही बघ. विचारलं तर सांगू, वारा होता."

"बंद कर."

"बाई, दहा हात तरी गेला पाहिजे. नाहीतर त्याला कुंपणापर्यंत चालत यावं लागेल. तो येणार आहे का?"

"फ्लोरिन, एकदा तू मला म्हणाला होतास माती लागतेय, आणि मी ऐकलं नव्हतं. आता मी म्हणतेय, बंद कर."

त्याने तोफ बंद केली. उरलेला तुकडा त्यांनी फावड्यांनी वरून ओढून कुंपणापर्यंत आणला.

मार्टिनच्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. फेरेना गावाच्या बाजूने, रस्त्याने, रोमेदच्या दारात गेली. उंबऱ्यापुढची जमीन कोरडी, टणक. रोमेदने काळा कोट घातला होता, दर मार्टिनला घालायचा तोच. म्हणजे तो वाट बघत होता. स्वयंपाकघरातून सणाचा हंस भाजल्याचा वास येत होता.

"नमस्कार, रोमेद," ती म्हणाली. "कसे आहात?"

"बरा आहे. तुम्ही?"

"बरी आहे." तिने श्वास घेतला. "मी इथे काही विचारायला आलेली नाही. तुम्ही वरच्या कुंपणापाशी येता का, एवढंच म्हणायला आले. तिथे बर्फ आहे."

रोमेदने वर कुंपणाकडे पाहिलं. झेन्झी त्याच्यामागे येऊन उभी राहिली, हात फडक्याला पुसत.

"बर्फ आहे म्हणताहेत बाई," झेन्झी म्हणाली.

"मला ऐकू येतं."

"मग काठी घे."

तिघं कुरणाच्या कडेने वर निघाले. नव्या गवताचे दोन पट्टे आजूबाजूच्या पिवळ्या गवतात हिरवेगार दिसत होते. फेरेना त्यांना वळसा घालून चालली. रोमेद मागून येत होता. त्याने ते पाहिलं की नाही, तिने वळून बघितलं नाही.

कुंपणापाशी रोमेद थांबला. कुंपणाच्या पलीकडे बर्फ होता, गुडघाभर उंच, आणि लाकडी खांबांच्या रेषेवर सुरीने कापावा तसा संपला होता. अलीकडे गवतावर एक कणही नव्हता. त्याने काठीने फळ्यांमधून बर्फाला टोचलं. मग हात घालून मूठभर उचलला, दाबला, जिभेवर ठेवला.

"हा बर्फ नव्हे," तो म्हणाला. "ही कपडे धुवायची पूड आहे."

फेरेनाने झेन्झीकडे पाहिलं.

"तुझ्या शर्टांना ती लागली असती तर बरं झालं असतं," झेन्झी म्हणाली. "पाणी कुठलं आहे, ते विचार ना."

"कुठलं आहे?"

"वरच्या तळ्यातलं," फेरेना म्हणाली. "देवळीजवळच्या झऱ्याचं."

"म्हणजे आपल्या गाई पितात तेच," झेन्झी म्हणाली.

रोमेदने मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, कळायला मार्ग नव्हता. तो कुंपणाच्या कडेने थोडा चालला, खाली बघत. मग परत आला.

"काल दुपारी वारा खालच्या बाजूला होता," तो म्हणाला. "मी अंगणात होतो. माझ्या टोपीवर दोन कण पडले, मग थांबले."

"तोफ बंद केली."

"का?"

"कुंपण आलं म्हणून."

रोमेदने टोपी सारखी केली. खाली चर्चमध्ये घंटा झाली. मग त्याने काठी झेन्झीच्या हातात दिली, कोट सावरला, आणि कुंपण ओलांडायच्या पायऱ्यांवर पाय ठेवला. झेन्झीने त्याच्या कोपराला आधार दिला, तो त्याने झटकला. पलीकडे उतरला तेव्हा त्याचे बूट घोट्यापर्यंत रुतले आणि बर्फ करकरला. तो जागेवरच दोनदा पाय आपटून ऐकत राहिला.

"वाजतो तरी बर्फासारखा," तो म्हणाला. मग फेरेनाकडे पाहिलं. "तिकडे काय उभी राहिलीस?"

ती पायऱ्या चढून गेली. मागे झेन्झीने नाक शिंकरलं, जरा जास्तच जोराने.

"हिवाळ्याचं विचारायला आले," फेरेना म्हणाली. "तुझ्या कुरणावरून रस्ता हवा आहे. बर्फ राहील तोवर."

"बर्फ राहील तोवर नाही. केशरफूल येईल तोवर."

"केशरफूल येईल तोवर."

"ईस्टर असो की रोमहून पोप येवो."

"पोप आला तर त्याला लिफ्टमधून खाली आणीन."

"आणि या वर्षी त्या नव्या पट्ट्यांवर गाडी नाही. दोरी बांध. स्कीवाले कडेने जातील."

"बांधते."

रोमेदने हात पुढे केला. तिने दिला. त्याचा तळवा ओला आणि गार होता, मघाच्या बर्फाने. त्याने तिचा हात एकदाच खाली-वर हलवला आणि सोडला. गेबहार्डचाही असाच हलवत असेल.

"आता मी काय करू?" झेन्झी कुंपणाच्या अलीकडून म्हणाली. "मी कोरड्यात उभी आहे. माझ्याशी कुणी कसं बोलायचं?"

"तुझ्याशी कोण बोलतंय?" रोमेद म्हणाला.

"हंस जळतोय, तो बोलेल."

झेन्झी वळून उताराने निघालीही. रोमेद आधी पायऱ्या उतरला, अलीकडे गवतावर उभा राहिला आणि फेरेनासाठी हात वर केला.

"सांभाळून या," तो म्हणाला. "दुसरी पायरी हलते. जेवायला थांबणार ना, मॅनेजरीणबाई?"

"थांबते की," फेरेना म्हणाली. "तुम्ही म्हणताय तर."

वर, लिफ्टच्या खांबापाशी, फ्लोरिन डोळ्यांवर हात धरून उभा होता. इतक्या लांबून त्याला शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं. फेरेनाने त्याच्याकडे वळून दोन्ही हातांनी हवेत एक लांब रेघ ओढली, मग दुसरी. दोरी. आण. तो आधी तसाच उभा राहिला. मग दोरीच्या खोलीकडे पळत सुटला.